फायबरग्लासची पट्टी कायमच्या वजनाखाली हळूहळू वाकत का जाते? कार्बन फायबर वापरलं तर थांबेल का?

तुमचं म्हणणं असं की वजन तेवढंच आहे, पण पट्टी पहिल्या दिवसापेक्षा जास्त वाकलीय. म्हणजे तंतू सैल पडले का? नाही. नेहमीच्या तापमानाला काचेचे तंतू स्वतःहून फारसे लांबत नाहीत, कार्बनचे तर त्याहून कमी. (अरामिड, म्हणजे केव्हलरसारखे तंतू, मात्र स्वतःच थोडे क्रीप होतात, म्हणजे कायमच्या भाराखाली हळूहळू लांबत जातात.) सरकतं ते रेझिन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारं प्लास्टिक. त्यामुळे काच की कार्बन यापेक्षा तंतू कुठल्या दिशेने आहेत, हे मी आधी विचारेन.

विणलेल्या काचकापडाच्या एकाच लॅमिनेटमधून (रेझिनने जोडलेल्या थरांच्या पत्र्यातून) मी दोन पट्ट्या कापल्या होत्या, एक धाग्यांच्या रेषेत, दुसरी ४५ अंशांत. दोन्हींच्या मधोमध वजन टांगलं, खाली डायल गेज (वाक मोजणारं काट्याचं उपकरण). पहिलीचा काटा गेला आणि जवळपास तिथेच बसला. दुसरीचा तासाभराने पाहिलं तरी सरकतच होता, कारण तिथे भार रेझिन कातरत होता.

हे सरकणं मंदावतं, पण थांबत नाही. प्लास्टिकच्या क्रीपचा अभ्यास केलेल्या विल्यम फिंडली यांच्या सूत्रात जादा वाकणं वेळेच्या एका छोट्या घातांकाने वाढतं. तो ०.२ धरा: पहिल्या तासात ०.५ मिमी जादा वाकलं, तर १० तासांत ०.८, आणि १ लाख तासांत, म्हणजे सुमारे साडेअकरा वर्षांत, ५ मिमी. म्हणून आठवडाभर काटा स्थिर दिसला एवढ्यावर विसंबू नका.

उष्णता हा खरा वैरी. रेझिनच्या ग्लास ट्रान्झिशन तापमानाजवळ (जिथे कडक रेझिन मऊ पडू लागतं) गेलात की क्रीप झपाट्याने वाढतो, आणि मुरलेला ओलावा ते तापमानच खाली आणतो. बऱ्याचदा दोष अर्धवट क्युअर झालेल्या, म्हणजे पुरतं घट्ट न झालेल्या, रेझिनचा असतो. तेव्हा महागडं फायबर घेण्याआधी पोस्ट-क्युअर (नंतर उष्णता देऊन रेझिन पक्कं करणं) नीट झालंय का ते बघा.

कार्बनचा खरा फायदा वेगळाच आहे: तुटण्याबाबत. काच कायमच्या भाराखाली, विशेषतः ओलाव्यात, वर्षांनी अचानक तुटू शकते. म्हणूनच काँक्रीटला बाहेरून मजबुती देण्याच्या एसीआय (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूट) ४४० मार्गदर्शिकेत कायमच्या ताणाची मर्यादा काचेला अंतिम ताकदीच्या २० टक्के, अरामिडला ३०, कार्बनला ५५ आहे. तुमच्या पट्टीवरचा ताण किती ते काढा. वाक दिसतो, हे तुटणं आधी कळेलच असं नाही.