हॉटेलच्या किचनमध्ये एवढी शिवीगाळ का चालते?

तुमचा भाऊ नुकताच किचनमध्ये कामाला लागलाय आणि तिथल्या शिव्या ऐकून हबकलाय, म्हणून तुम्ही विचारताय की तिथे सगळे असंच का बोलतात. मी ११ वर्षं लाइनवर, म्हणजे जिथे प्रत्यक्ष पदार्थ शिजतात तिथे, काढली आहेत.

आधी हे समजून घ्या, की तिथलं सगळंच खरखरीत बोलणं शिवी नसते. एक्झॉस्टची घरघर आणि भांड्यांच्या खणखणाटात साधं बोललेलं ऐकूच जात नाही. उकळतं भांडं घेऊन कुणाच्या पाठीमागून जाताना आम्ही फक्त 'मागे! गरम!' असं ओरडतो. 'जरा सरकता का' म्हणेपर्यंत समोरचा वळलेला असतो, आणि फ्रायरमधलं तेल १८० अंशांच्या आसपास असतं. भावाला सांगा, हे मनाला लावून घेऊ नकोस.

भाजल्यावर तोंडातून निघते तीही मी शिवी धरत नाही. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फगार पाण्यात हात बुडवून शिवी देणाऱ्यांना तो जास्त वेळ आत ठेवता आला. पण तिथल्याच पुढच्या प्रयोगात दिसलं, की रोज शिव्या देणाऱ्यांना हा फायदा कमी होतो.

उरते ती माणसाला उद्देशून दिलेली शिवी. किचनची शिस्त लष्करासारखी, म्हणून भाषाही तशीच, असं सांगणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. स्टेशनं, म्हणजे प्रत्येकाची कामाची जागा, वाटून वरून खाली हुकूम देण्याची पद्धत बसवली ती फ्रेंच शेफ ऑग्यूस्त एस्कॉफिए यांनी, आणि त्यांनी १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात सैन्यात स्वयंपाकी म्हणून काम केलं होतं हे खरं. पण ते स्वतः किचनमध्ये शिवीगाळ चालू देत नसत. राग आला की बाहेर निघून जात. मग ही सवय टिकते कशी? पहिल्या वर्षी ज्याने निमूट ऐकून घेतल्या, तोच पाचव्या वर्षी नव्या पोराला देतो.

आमचा एक शेफ चिमट्याने टेबल बडवत आईबहिणीवरून बोलायचा. एका शनिवारी पासवर, म्हणजे तयार प्लेट बाहेर जातात त्या काउंटरवर, तिकिटांची (ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची) रांग लागली होती. माझ्या शेजारच्या नवीन पोराने मासा बोटाने दाबून पाहिला. मधे कच्चा होता. त्याने पासकडे एकदा पाहिलं, मासा तसाच प्लेटमध्ये ठेवला आणि वरून सॉस ओतला. प्लेट अर्थातच परत आली. नंतर विचारलं तर म्हणाला, "दादा, सांगितलं असतं तर पुन्हा सगळ्यांसमोर आईवरून ऐकावं लागलं असतं." त्याने तो मासा प्लेटमध्ये ठेवताना मी पाहिलं होतं. मीही गप्प बसलो होतो, त्याच भीतीने.

आता लाइन माझ्याकडे आहे. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी एक वाक्य मोठ्याने म्हणायला लावतो: "चुकलं शेफ, चार मिनिटं द्या!" ते ऐकू आलं की मी 'बरं' म्हणतो आणि तिकीट मागे सरकवतो.