ड्युटीचा चेहरा

प्रिय पोरी,

परवा रात्रपाळीत तू लिनन रूममध्ये गेलीस, पाच मिनिटांनी तोंड धुऊन आलीस आणि सात नंबरच्या आजींचं सलाईन बदललंस. मी विचारलं, तर म्हणालीस, "काही नाही सिस्टर, डोळ्यात काहीतरी गेलं." वॉर्डात खोदून विचारणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे पत्र.

पेशंटसमोर तू चेहरा सांभाळलास ते बरोबरच केलंस. नातेवाईक रिपोर्टच्या आधी आपलं तोंड वाचतात. मला काळजी वाटते ती पहाटेच्या फोनची. आई विचारत होती आणि तू गोड आवाजात सांगत होतीस, "हो, जेवले. मजेत आहे." तुझा डबा तसाच भरलेला होता.

मीही हेच केलंय. चौथ्या महिन्यात माझं पोटातलं बाळ गेलं आणि मी आठव्या दिवशी कामावर हजर झाले. घरी सासूबाई म्हणाल्या, "चार लोकांत रडू नको." मी चार लोकांत नाही, एकांतातही रडले नाही. मग रात्री छाती धडधडायला लागली, डोकं जड राहायचं. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही टेन्शन?" मी म्हटलं, "काही नाही." दोन वर्षं असंच चाललं. त्या वर्षांतल्या दिवाळ्या मला आठवत नाहीत.

आठवत का नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. १९९७ साली जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १८० तरुणींना दुःखाच्या आणि हसवणाऱ्या चित्रफिती दाखवल्या. काही जणींना सांगितलं होतं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. त्यांच्या चेहऱ्यावर कमी दिसलं, पण दुःख तेवढंच राहिलं आणि हृदय-रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढला. उलट, हसू दाबणाऱ्यांना गंमतच कमी वाटली. माझं नेमकं हेच झालं होतं बघ: दुःख तसंच राहिलं आणि दिवाळीचा आनंद वाटलाच नाही, मग आठवणार काय?

आपल्या ओपीडीत रोज बायका येतात. "जीव घाबरते", "अंग दुखते", "कसंनुसं होते". रिपोर्टमध्ये काही सापडत नाही आणि त्या गोळ्या घेऊन परत जातात. दुखणं खोटं नसतं. काय झालं ते सांगायची मुभा नसते, अंग दुखतं म्हणायची असते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या लोकांचा १० वर्षांचा मागोवा घेणारा एक अभ्यास २००७ मध्ये आला. नवऱ्याशी खटका उडाला की गप्प बसणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचा धोका बोलणाऱ्या बायकांच्या सुमारे चौपट आढळला. गप्प बसल्यानेच माणूस जातं, असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण मी तो आकडा विसरू शकलेली नाही.

सगळ्यांना सगळं सांग, असं मी म्हणणार नाही. काही घरांत बाईच्या रडण्याचा हिशेब ठेवतात आणि पुढच्या भांडणात काढतात. एक माणूस निवड. मी आमच्या आया मावशींना सांगितलं होतं, रात्री तीन वाजता, जिन्याच्या पायरीवर. त्यांनी सल्ला दिला नाही. चहाचा कप हातात दिला आणि विचारलं, "मुलगी होती का मुलगा?" तोवर मला कोणी हे विचारलंच नव्हतं.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नको वाटलं, तर एक दिवसही थांबू नको. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस, म्हणजे मानसिक आधाराचा, नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपल्या मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला अजूनही पागलखाना चौक म्हणतात. ऑटोवाल्याला ते नाव सांगताना जीभ अडखळते म्हणून किती बायका गेल्याच नसतील! तू अडखळलीस, तर मी सोबत येते.

रविवारी मला सुट्टी आहे. ऊन उतरल्यावर ये. तर्री-पोहे करीन. जेवलीस का, हे मी विचारणार नाही, लिनन रूमबद्दल विचारीन. सांगायचं नसेल, तर "आज नाही" म्हण. "काही नाही" तेवढं म्हणू नको.

तुझी,
सिस्टर