तीन देश, एक ठेव आणि कर्जाचा मोह

प्रश्न: आम्ही दोघं ५७ आणि ५४ वर्षांचे. आजवरच्या परदेश प्रवासात मन भरलं नाही, उलट यादी वाढली. आता पेरू, जपान आणि आइसलँड उरलेत. मुदत ठेव परिपक्व होतेय, ती आमच्या १२ महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे. वेगळी शिल्लक नाही. घरखर्चाच्याच मापात १४ दिवसांच्या पेरूला ६ महिने (त्यात विमानाचे साडेतीन), जपानला ४ आणि १० दिवसांच्या आइसलँडला ६ (त्यात विमानाचे २) असा अंदाज आहे. कमी पडतील त्या ४ महिन्यांचं वैयक्तिक कर्ज काढून दोन वर्षांत तिन्ही उरकावेत का?

उत्तर: कर्ज काढू नका. १४ टक्के दराने ३ वर्षांत फेडायचं म्हटलं तर प्रत्येक १०० मागे साधारण २३ व्याज जातं. पण व्याजापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. तुमच्या हिशोबात ठेव पूर्ण संपते आणि परतल्यावर हातात फक्त हप्ता उरतो. या वयात ६ महिन्यांचा घरखर्च बाजूला असायलाच हवा. म्हणजे प्रवासाला आज ६ महिने मोकळे आहेत, १२ नाहीत. एवढ्यात एकच देश बसतो.

तो पेरू असावा. जपानपेक्षा महाग असूनही. तिथलं कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे, माचू पिचू हे जुनं इन्का शहर त्याहून बरंच खाली, साधारण २,४३० मीटरवर. विरळ हवा, दगडी पायऱ्या आणि लांबचा विमानप्रवास हे सगळं पाच वर्षांनी आजच्याइतकं सोपं जाणार नाही. जपान थांबू शकतो. तिथे चालणं भरपूर असलं तरी थकलात तर रेल्वे हाताशी असते.

खर्च कमी करायला लोक सरळ दिवस छाटतात. पेरूत ते उलटतं. तुमच्या अंदाजात तिथला निम्म्याहून जास्त पैसा विमानात जातो, त्यामुळे १४ चे १० दिवस केले तर ०.७ महिन्याचा खर्च वाचेल. त्यासाठी शरीराला उंचीची सवय होण्याचे दिवस मात्र जातील. कुस्कोला उतरल्या दिवशीच फिरायला निघालं की डोकेदुखी, मळमळ होण्याची शक्यता वाढते. त्यापेक्षा आधी खाली ओलांताइतांबो गावाकडे (सुमारे २,८०० मीटर) दोन रात्री काढा, कुस्को शेवटी ठेवा. मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम असतो. माचू पिचूची तिकिटं मर्यादित असतात आणि तारीख-वेळ ठरवूनच मिळतात, म्हणून ती हातात आल्यावरच विमानाचं पक्कं करा. विम्यात किती उंचीपर्यंत संरक्षण आहे ते अटींमध्ये शोधून वाचा. रक्तदाब किंवा हृदयाचं काही असेल तर पैसे भरण्याआधी डॉक्टर.

आइसलँडचं गणित नेमकं उलटं. तिकीट त्यामानाने स्वस्त, जमिनीवरचा प्रत्येक दिवस महाग. तिथे मात्र दिवस कापा. १० चे ७ केले तर १.२ महिने वाचतात. सात दिवसांत पूर्ण बेटाला चक्कर मारायचा हट्ट धरलात तर वेळ गाडीतच जाईल. राजधानी रेक्याविकपासून विक गाव आणि पुढे योकुल्सारलोन या हिमनदीच्या सरोवरापर्यंतचा दक्षिण किनारा (एका बाजूने साधारण ३७० किलोमीटर) निवांत होतो. भाड्याच्या गाडीच्या मूळ विम्यात वाळू-राखेने झालेलं नुकसान बहुधा धरलेलं नसतं, ते संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आइसलँड शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे. व्हिसा लागत असेल तर किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमाही लागतो.

आता वेळापत्रक. पेरूहून आल्यावर दरमहा घरखर्चाच्या पाव भागाएवढी रक्कम आवर्ती ठेवीत टाका. १६ महिन्यांत जपानचे ४ जमतात, त्यानंतर साधारण १९ महिन्यांत छोट्या आइसलँडचे ४.८. दोनऐवजी तीन वर्षं लागली, एवढंच. दर वाढतील, चलनही हलेल, म्हणून या दोन्ही अंदाजांवर १० टक्के जास्त धरा. त्यासाठी तीन-चार महिने उशीर झाला तर चालेल. हा पैसा शेअर बाजारात नको. दीड वर्षाच्या अंतराने लागणाऱ्या रकमेला बाजार सावरायची वाट बघता येत नाही.

जपानच्या अंदाजात एक दुरुस्ती करा. ‘देशभर चालणारा रेल्वे पास घ्यायचाच’ हा जुना सल्ला ऑक्टोबर २०२३ पासून बऱ्याच जणांना लागू पडत नाही. सात दिवसांचा साधा पास तेव्हा २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. टोकियो–क्योतो जाऊन-येऊन साधारण २८,००० येन लागतात, म्हणजे तेवढाच प्रवास असेल तर सुटी तिकिटं स्वस्त पडतात. हिरोशिमा किंवा त्यापुढे जाणार असाल तर बेरीज करून बघा. आणि एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीचा गोल्डन वीक टाळा. तेव्हा तिथले लोकच सुट्टीवर निघतात, खोल्या महागतात आणि गाड्या भरतात.

तिन्ही देशांत कार्ड यंत्राने ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात’ विचारलं तर स्थानिकच निवडा. तुमचं चलन निवडलंत तर दर दुकानाची बँक किंवा कार्ड यंत्राची कंपनी ठरवते आणि तो बहुधा महाग पडतो.