'कान'ला गेला म्हणजे नक्की कुठे गेला?

मराठी सिनेमा फ्रान्समधल्या 'कान' चित्रपट महोत्सवाला गेला, म्हणजे तो पाम दोरच्या, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पुरस्काराच्या शर्यतीत होता का, असं तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा नाही. (आणि हो, 'कान्स' नव्हे, 'कान'. शेवटचा 'स' फ्रेंच लोक गिळतात.)

मे महिन्यात तिथे महोत्सव आणि चित्रपटांचा बाजार दोन्ही एकदम भरतात. फोटोत दिसतात त्या लाल पायऱ्या ल्युमिएर थिएटरकडे चढतात. त्याच इमारतीच्या तळघरात बाजाराचे स्टॉल असतात. बाजारात पैसे भरले की खेळ लावता येतो आणि समोर वितरक बसतात. महाराष्ट्र शासन मराठी चित्रपट पाठवतं ते इथे. यात कमीपणा काहीच नाही, सिनेमा विकावा लागतोच. पण याला निवड म्हणत नाहीत.

पाम दोर फक्त मुख्य स्पर्धेतल्या चित्रपटाला मिळतो. २०२४ मध्ये स्पर्धेत २२ चित्रपट होते. पायल कपाडियांच्या चित्रपटाला मिळाला तो ग्रां प्री. नाव 'मोठा पुरस्कार', पण क्रमांक दुसरा! पाम दोर १९५५ मध्ये आला, त्याआधी ग्रां प्री हाच सर्वोच्च होता. १९४६ मध्ये चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'ला मिळाला तोही ग्रां प्रीच, पण तेव्हा तो ११ चित्रपटांना वाटून दिला होता. त्यामुळे या दोघांची तुलना करणाऱ्या पोस्ट वाचल्या की माझं डोकं फिरतं.

दुसरा घोळ 'अं सर्तें रगार' विभागाचा. तोही अधिकृत निवडीतलाच, पण परीक्षक वेगळे, पुरस्कार वेगळे. 'मसान' तिथलाच. २०२४ मध्ये अनसूया सेनगुप्तांना अभिनयाचा पुरस्कार याच विभागात मिळाला. आपल्याकडच्या मथळ्यांनी विभागाचं नाव गाळून टाकलं.

'क्रिटिक्स वीक' आणि 'डिरेक्टर्स फोर्टनाइट' हे जोडीला भरणारे विभाग तर वेगळ्याच संस्था चालवतात. मात्र दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा कॅमेरा दोर पुरस्कार या सगळ्या विभागांमधून निवडतात. १९८८ मध्ये 'सलाम बॉम्बे' फोर्टनाइटमध्ये होता, तरी कॅमेरा दोर त्यालाच मिळाला.

तेव्हा पोस्टरवर 'कान'ची ताडाच्या पानाची खूण दिसली की तिच्याखालची बारीक अक्षरं वाचा. विभागाचं नाव नसेल, तर महोत्सवाच्या संकेतस्थळावर त्या वर्षाची यादी उघडून बघा. मी तेच करतो, आणि निम्म्या वेळा चित्रपट त्या यादीत नसतोच.