भौतिकशास्त्रात बीएस्सी झाल्यावर अंतराळ विज्ञानात मास्टर्स करायला अमेरिका बरी की युरोप?

माझं मत युरोप, त्यातही स्वीडनमधलं किरुना. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असलेल्या या गावात लुलेओ विद्यापीठाचा अंतराळ विभाग आहे, आणि जवळच एसरेंज हा रॉकेट आणि बलून सोडण्याचा तळ. तिथून रेक्सस-बेक्सस कार्यक्रमात विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेली उपकरणं रॉकेट आणि बलूनमधून वर जातात. असा हाताने करायचा अनुभव शंभर व्याख्यानांनी मिळत नाही. हिवाळ्यात डोक्यावर ध्रुवीय प्रकाश असतो, ते वेगळंच!

अमेरिकेत शिक्षण उत्तम आहे, पण रॉकेट आणि उपग्रहांच्या बहुतेक नोकऱ्या निर्यात नियमांमुळे (संवेदनशील तंत्रज्ञान परदेशी लोकांच्या हाती जाऊ नये म्हणून असलेले नियम) तिथले नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक यांनाच मिळतात. कर्ज काढण्याआधी हे नक्की लक्षात घ्या. आणि आतापासून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागा.