सी प्रोग्राममधून फाइलला एसीएल (कोणाला काय परवानगी, याची यादी) लावायचं तर सिस्टीम() नं सेटएफएसीएल ही एसीएल बदलणारी कमांड चालवली तर चालेल का? आणि मास्क आपोआप का बदलतो?

नका चालवू. आमच्या बेळगावात एकाच फोल्डरमध्ये मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही नावं असतात, मधे स्पेस, कंस, एखादं अवतरणचिन्ह. सिस्टीम() कमांड शेलमधून चालवतं, आणि असलं नाव शेलच्या हाती दिलं की कमांड तिथंच तुटते. त्यासाठी लिबएसीएल ही सी लायब्ररी आहे की.

एसीएल_गेट_फाइल नं आधीची यादी घ्या. ग्रुपची नोंद त्यात आहे का, हे आधी शोधा. प्रत्येक वेळी नवी घातली तर दुसऱ्यांदा चालवताना नोंद दुहेरी होते आणि ईइनव्हॅल (यादी अवैध असल्याची एरर) येतो. नसेल तर एसीएल_क्रिएट_एंट्री. तिला यादीचा पॉइंटर नव्हे, पॉइंटरचा पत्ता द्यायचा, कारण यादी मेमरीत हलू शकते. टॅग एसीएल_ग्रुप, क्वालिफायर म्हणून गेटजीआरनॅम नं मिळालेल्या जीआयडीचा पत्ता, नावाची स्ट्रिंग नव्हे. मग परमिशन, एसीएल_कॅल्क_मास्क, एसीएल_व्हॅलिड आणि शेवटी एसीएल_सेट_फाइल. एसीएल_फ्री विसरू नका.

आता मास्क, म्हणजे ग्रुपच्या आणि नावाच्या नोंदींना जास्तीत जास्त किती परवानगी मिळेल याची मर्यादा. उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपच्या सर्व्हरवर ड्रॉइंगच्या फोल्डरला मी डिफॉल्ट एसीएल (आत बनणाऱ्या नव्या फाइलींना आपोआप मिळणारं) लावलं होतं: 'शॉप' ग्रुपला वाचायला, सुपरवायझरला वाचायला-लिहायला. तरी नवीन ड्रॉइंग ऑपरेटरला उघडेना. एसीएल दाखवणाऱ्या गेटएफएसीएल कमांडमध्ये शॉपपुढं वाचण्याची परवानगी स्पष्ट दिसत होती, आणि उजवीकडं 'इफेक्टिव्ह' म्हणून तीन आडव्या रेघा, म्हणजे प्रत्यक्षात काहीच परवानगी नाही. ड्रॉइंग सेव्ह करणारं सॉफ्टवेअर फाइल ०६०० मोडनं, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, बनवत होतं. डिफॉल्ट एसीएल असलं की उमास्क (नव्या फाइलीच्या परवानग्या कमी करणारी नेहमीची सेटिंग) बाजूला राहतो, पण बनवतानाच्या मोडमधले ग्रुपचे बिट मास्कला छाटतात. ग्रुपचे बिट शून्य, म्हणून मास्क शून्य.

तिथल्या एकानं सरळ सीएचमॉड ७७७ मारलं, फाइल उघडली, आणि 'एसीएल म्हणजे नुसता घोळ' असं ठरवून मोकळा झाला. ते साफ चूक होतं. नावाच्या नोंदी असलेल्या फाइलवर सीएचमॉडचा मधला आकडा मास्क बदलतो. ७७७ नं मास्क उघडला, एवढंच उपयोगी पडलं. सोबत यादीत नाव नसलेल्या प्रत्येकाला ड्रॉइंग बदलायची मुभा मिळाली. सीएचमॉड जी+आरडब्ल्यू पुरलं असतं. ड्रॉइंगमधलं एक माप बदललं तरी अख्खा लॉट भंगारात जातो, म्हणून मला हे अजून बोचतं.

फाइल तुमचाच प्रोग्राम बनवत असेल तर ओपन ला ०६६० द्या. तात्पुरती फाइल बनवणारं एमकेएसटेम्प वापरलं तर ती ०६०० नंच बनवते, म्हणून नंतर एसीएल_सेट_एफडी नं पुन्हा लावा. एक जपा: कोणी मुद्दाम मास्क आवळून ठेवला असेल तर कॅल्क_मास्क तो पुन्हा सैल करतो.

डिफॉल्ट फक्त डिरेक्टरीला लागतं, साध्या फाइलला लावलं तर ईॲक्सेस (परवानगी नाकारल्याची एरर) येतो. डिरेक्टरीला आधी डिफॉल्ट नसेल तर रिकामी यादी मिळते. तिच्यात मालक, ग्रुप, इतर या तिन्ही नोंदी तुम्हालाच घालाव्या लागतात. फाइलपर्यंत पोचायला वरच्या सगळ्या डिरेक्टऱ्यांवर एक्स (आत शिरायची परवानगी) हवाच.

हे सगळं लिनक्सचं. मॅकवर फंक्शनांची नावं तीच असली तरी एसीएलचा प्रकार वेगळा आहे, आणि फ्रीबीएसडीच्या झेडएफएस फाइलसिस्टीमवर एनएफएसव्ही४ पद्धतीचं एसीएल चालतं. हा कोड तिथं तसाच उचलू नका.