बिशप ऑकलंड : हौशी फुटबॉलचा मानाचा क्लब

प्रश्न : मँचेस्टर युनायटेडच्या संघाला 1958 मध्ये म्युनिक येथे झालेल्या विमान अपघाताविषयी वाचताना, त्यानंतर एका छोट्या शहरातील हौशी क्लबच्या खेळाडूंनी युनायटेडला मदत केली, असा उल्लेख आढळला. हा क्लब कोणता आणि त्याचा इतिहास काय? केवळ हौसेने खेळणारे खेळाडू एवढ्या नामांकित संघाच्या उपयोगी कसे पडू शकले?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तो क्लब म्हणजे बिशप ऑकलंड. इंग्लंडच्या ईशान्येस, डरहॅम परगण्यातील कोळसाखाणींच्या पट्ट्यात याच नावाचे, आज सुमारे 25 हजार वस्तीचे शहर आहे. डरहॅमच्या बिशपांचा वाडा या शहरात होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे धर्मशास्त्र शिकण्यासाठी येणाऱ्या ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या तरुणांनी स्थानिक मुलांबरोबर फुटबॉल खेळण्यास सुरुवात केली. क्लबच्या गणवेशातील गडद आणि फिकट निळा हे दोन रंग त्या दोन विद्यापीठांकडून आलेले आहेत. क्लब आपली स्थापना 1886 ची मानतो. त्यानंतर तीनच वर्षांनी या भागात सुरू झालेली नॉर्दर्न लीग पुढे जवळजवळ शंभर वर्षे त्याचे घर होती आणि तिचे विजेतेपद त्याने 19 वेळा मिळवले.

इंग्लिश फुटबॉल संघटनेने (एफ. ए.) 1885 मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिल्यावर, पगार न घेणाऱ्या संघांना मोठ्या स्पर्धांत डोके वर काढणे कठीण होऊ लागले. म्हणून संघटनेने त्यांच्यासाठी वेगळा चषक सुरू केला. 1894 ते 1974 या काळात खेळल्या गेलेल्या या एफ. ए. हौशी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत बिशप ऑकलंड 18 वेळा पोहोचला आणि त्यांपैकी 10 वेळा जिंकला. त्याच्या खालोखाल असलेल्या क्लॅप्टन आणि क्रुक टाउन यांना प्रत्येकी पाचच विजेतेपदे मिळाली. 1939 मध्ये विलिंग्टनला 3-0 असे हरवणाऱ्या ऑकलंडच्या संघात बॉब पेझ्ली नावाचा, गवंडीकाम शिकलेला एक तरुण होता. लिव्हरपूलचे व्यवस्थापक म्हणून तीन वेळा युरोपियन चषक जिंकणारे पेझ्ली ते हेच.

परंतु क्लबचा खरा वैभवकाळ 1950 चे दशक हा होय. 1954 च्या अंतिम फेरीत त्याची गाठ काही मैलांवरच्या क्रुक टाउनशी पडली. वेम्बलीवर एक लाख प्रेक्षकांसमोर 2-2 अशी बरोबरी झाली, न्यूकॅसलमधील पुनर्लढतही 2-2 अशीच सुटली आणि मिडल्सब्रो येथील तिसऱ्या सामन्यात क्रुकने एकमेव गोलने बाजी मारली. लगतच्या खाणवस्त्यांतील दोन हौशी संघांनी राजधानीचे मैदान भरून दाखवावे, ही गोष्ट मला त्यानंतरच्या विजयांइतकीच मोठी वाटते. पुढील तीन वर्षे मात्र ऑकलंडची होती : 1955 मध्ये हेंडन, 1956 मध्ये पुनर्लढतीअंती कॉरिंथियन-कॅज्युअल्स आणि 1957 मध्ये वायकोंब वाँडरर्स यांना हरवून त्याने सलग तीन वेळा चषक जिंकला. त्याच सुमारास, व्यावसायिक संघांचा सहभाग असलेल्या एफ. ए. चषकात त्याने दुसऱ्या श्रेणीतील इप्सविच टाउनला त्यांच्या मैदानावर 2-2 असे रोखले आणि घरच्या किंग्जवे मैदानावर 3-0 असे पराभूत केले. चौथ्या फेरीत त्याला हरवणारा यॉर्क सिटी त्या वर्षी उपांत्य फेरीपर्यंत गेला, एवढे ध्यानात घेतले तर हा संघ कोणत्या तोलाचा होता हे कळते.

आता म्युनिकविषयी. 6 फेब्रुवारी 1958 च्या त्या अपघातात 23 जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत युनायटेडचे आठ खेळाडू होते. वाचलेल्यांपैकी काही जबर जखमी होते, त्यामुळे राखीव खेळाडूंना मुख्य संघात घ्यावे लागले आणि राखीव संघासाठी माणसे उरली नाहीत. युनायटेडचे व्यवस्थापक मॅट बझ्बी हे 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या हौशी संघाचे मार्गदर्शक होते आणि ऑकलंडचे बॉब हार्डिस्टी त्या संघातून खेळले होते. तो जुना स्नेह या वेळी कामी आला. हार्डिस्टी, डेरेक लेविन आणि वॉरन ब्रॅडली हे तिघे राखीव संघातून खेळले. त्यांपैकी ब्रॅडली पुढे युनायटेडच्या मुख्य संघात गेले आणि 1959 मध्ये इंग्लंडतर्फे तीन आंतरराष्ट्रीय सामने खेळले. ते पेशाने शिक्षक होते आणि खेळ थांबल्यावर पुन्हा शाळेतच रमले.

आपल्या प्रश्नाच्या अखेरच्या भागाचे उत्तर मैदानापेक्षा पगारपत्रकात अधिक सापडते. त्या काळी इंग्लंडमध्ये व्यावसायिक खेळाडूच्या वेतनावर कमाल मर्यादा होती आणि 1958 मध्ये ती आठवड्याला अवघी 20 पौंड होती. शिक्षकी पेशासारखी कायमची नोकरी असलेल्या गुणी खेळाडूला ती सोडून, तिशी उलटताच संपणारा व्यवसाय पत्करण्यात फारसा लाभ दिसत नसे. त्यामुळे पहिल्या प्रतीचे अनेक खेळाडू हौशी राहिले. ते हौशी होते ते पोटापाण्याच्या बाबतीत. त्यांच्या खेळात कसलीही कसर नव्हती.

प्रश्न : हौशी म्हणवणाऱ्या खेळाडूंना प्रत्यक्षात छुपे पैसे मिळत असत, हे खरे काय?
— एक वाचक, पणजी

उत्तर : इंग्लंडमधील हौशी फुटबॉलमध्ये हा प्रकार सर्रास चाले. प्रवासखर्चाच्या नावाखाली पैसे दिले जात, किंवा सामन्यानंतर खेळाडूला आपल्या बुटात नोटा ठेवलेल्या आढळत. गर्दी खेचणाऱ्या क्लबांच्या तिजोरीत पैसा येत होता आणि तो निर्माण करणाऱ्यांना त्यातला पैही घेण्याची मुभा नव्हती. अशा नियमातून पळवाटा निघणारच होत्या, आणि त्याचा दोष मी खेळाडूंपेक्षा नियम करणाऱ्यांना अधिक देईन. अखेर 1974 मध्ये संघटनेने हौशी आणि व्यावसायिक हा भेदच रद्द केला आणि त्याबरोबर हौशी चषकही संपुष्टात आला.

प्रश्न : या क्लबच्या खेळाडूंचा आणि भारतीय फुटबॉलचा कधी संबंध आला होता काय?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : थेट सामना झाल्याचा दाखला देता येणार नाही, परंतु 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये दोघे एकाच स्पर्धेत होते. हार्डिस्टी ब्रिटनच्या संघात होते. ब्रिटनला बल्गेरियाने 6-1 असे हरवले. भारताने नेव्हिल डिसूझा यांच्या तीन गोलांच्या बळावर ऑस्ट्रेलियाला 4-2 असे नमवून उपांत्य फेरी गाठली आणि कांस्यपदकाच्या सामन्यात त्याच बल्गेरियाकडून 3-0 अशी हार पत्करून चौथे स्थान मिळवले.

प्रश्न : आज हा क्लब अस्तित्वात आहे काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे. 1961 मध्ये वेतनाची कमाल मर्यादा उठली, तेव्हा गुणी खेळाडूंनी हौशी राहण्याचे मुख्य कारण नाहीसे झाले. त्याच काळात डरहॅममधील खाणी एकामागून एक बंद पडत गेल्या आणि मैदानावर येणारा कामगारवर्ग पांगला. 1988 मध्ये क्लबने नॉर्दर्न लीग सोडली आणि 2006 मध्ये तो तिच्यात परतला. क्रिकेट क्लबबरोबर वाटून घेतलेले किंग्जवे मैदान त्याला 2001 मध्ये सोडावे लागले आणि जवळजवळ दहा वर्षे तो शेजारच्या क्लबांच्या मैदानांवर खेळला. 2010 पासून शहराच्या कडेला असलेले हेरिटेज पार्क हे त्याचे स्वतःचे मैदान आहे.